स्टेडियमला तारीख मिळते, दवाखान्याला का नाही?

सप्टेंबर 2025च्या शेवटी मोरोक्कोतली कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली. देशाच्या टेलिफोन कोडवरून त्यांनी स्वतःला ‘जेन झी 212’ हे नाव घेतलं होतं. नेता कोणी नव्हता, जमवाजमव डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर झाली होती, आणि घोषणा अगदी साधी होती : ‘स्टेडियमं तयार आहेत, दवाखाने कुठे आहेत?’ अगादीरच्या एका सरकारी दवाखान्यात सिझेरियनसाठी दाखल झालेल्या 8 बायका दगावल्याची बातमी तेव्हा ताजी होती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला राजधानी रबातमध्ये 68,000हून जास्त प्रेक्षक मावतील असं नवंकोरं स्टेडियम वाजतगाजत उघडलं होतं. या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की तिसऱ्या कुणी काही समजावून सांगायची गरज उरत नाही. पुढच्या काही दिवसांत अगादीरजवळ गोळीबार झाला आणि तीन तरुण मेले.

माझं काम खतांच्या व्यवसायातलं. जगातला सगळ्यात मोठा फॉस्फेटचा साठा मोरोक्कोत आहे आणि आपल्या शेतात पडणाऱ्या डीएपीच्या गोणीमागे बऱ्याचदा तिथली खाण असते, त्यामुळे कासाब्लांका आणि जॉर्फ लास्फारच्या बंदराच्या माझ्या फेऱ्या होत असतात. त्या आंदोलनानंतर आमच्या ऑफिसात दुपारच्या डब्याला हाच विषय. अर्धी मंडळी म्हणायची, ‘पोटाला नाही आणि फुटबॉल कसला?’ उरलेली म्हणायची, ‘देशाचं नाव होतंय, चार पैसे येतायत, यांना काय कळतंय?’ नोव्हेंबरात 2030च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आणि वाद मोरोक्कोवरून थेट आपल्या अंगणात आला. तावातावाने बोलणारी दोन्हीकडची माणसं माझ्या जवळची आहेत. पण ती ज्या प्रश्नावर भांडतायत तो प्रश्नच चुकीचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

स्टेडियम बांधणं हा गुन्हा नाही, आणि ते न बांधल्याने एकही दवाखाना आपोआप सुधारत नाही. हे भांडण पैशाचं म्हणून लढलं जातंय, मुळात ते तारखेचं आहे. स्टेडियमला उद्घाटनाची तारीख असते आणि ती कोणी चुकवू शकत नाही. दवाखान्याला तशी तारीख कोणी देत नाही. आणि शेवटचा सामना संपल्यावर दुसऱ्या दिवसापासून या स्टेडियममध्ये काय होणार, याची तारीखवार वही स्टेडियमचीही कोणी लिहीत नाही. कासाब्लांकाच्या नव्या स्टेडियमबद्दल विचारायला हवं ते या दोन गोष्टींबद्दल.

आधी ते स्टेडियम काय आहे ते बघू. 2030चा पुरुषांचा फुटबॉल विश्वचषक स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को मिळून भरवणार आहेत. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, डिसेंबर 2024मध्ये त्यावर शिक्का मारला. मोरोक्कोतली सहा शहरं यजमान आहेत. त्यातल्या कासाब्लांकासाठी ‘ग्रां स्ताद हसन दुसरे’ उभं राहतंय ते शहरात नाही, तर सुमारे 38 किलोमीटरवर बेन्सलिमान प्रांतात, 100 हेक्टर जागेवर. क्षमता 1,15,000, म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं फुटबॉल स्टेडियम. खर्चाचा अंदाज सुमारे 500 कोटी दिरहम. पूर्ण करायचं ते 2027 संपेपर्यंत. छप्पर मोरोक्कोतल्या जत्रेच्या, ‘मुसेम’च्या, भल्यामोठ्या तंबूसारखं. चित्रात ते फार सुंदर दिसतं, यात वाद नाही.

स्टेडियमच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं हलक्यात काढता येणार नाही. मोरोक्कोने हा विश्वचषक पाच वेळा मागितला आणि पाच वेळा रिकाम्या हाताने परतला : 1994, 1998, 2006, 2010 आणि 2026. मधल्या काळात त्या देशाने नुसते अर्ज भरले नाहीत. सलेजवळ अकादमी काढली, पोरं घडवली, आणि 2022मध्ये कतारला मोरोक्को उपांत्य फेरीत गेला. आफ्रिकेचा तिथपर्यंत पोचलेला तो पहिला संघ. ऑक्टोबर 2025मध्ये, आंदोलन ऐन भरात असताना, त्यांच्या 20 वर्षांखालच्या संघाने चिलीमध्ये अर्जेंटिनाला हरवून जगज्जेतेपद आणलं. ज्या पोरांनी ‘दवाखाने कुठे’ म्हणून घोषणा दिल्या, त्याच वयाची पोरं तो चषक बघून रस्त्यावर नाचली. त्यांना फुटबॉल नकोय असं कोण म्हणेल?

पैशाचा हिशोबही आंदोलनाच्या विरोधात जातो, हे मान्य करायला हवं. ऑक्टोबरमध्ये सरकारने पुढच्या वर्षासाठी आरोग्य आणि शिक्षणावर 14,000 कोटी दिरहम जाहीर केले. त्यापुढे काही वर्षांत मिळून खर्च होणारे 500 कोटी म्हणजे लहानसा भाग. उद्या हे स्टेडियम रद्द केलं तरी अगादीरच्या त्या वॉर्डात रात्रपाळीला भूलतज्ज्ञ येणार नाही, कारण तिथे सिमेंटपेक्षा माणसं कमी आहेत. डॉक्टर घडायला दहा वर्षं लागतात आणि घडलेले फ्रान्सला निघून जातात. त्यामुळे ‘हे रद्द करा आणि ते बांधा’ ही मागणी हिशोबाला टिकत नाही. आमच्या डब्याच्या टेबलावर वाद इथेच संपायचा. आकडे मांडणाऱ्याला वाटायचं, जिंकलो.

पण त्या पोरांना हे आकडे ठाऊक नव्हते का? मला नाही तसं वाटत. त्यांनी पाहिलं ते वेगळंच होतं. रबातचं जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी नवं उभं राहिलं ते दोन वर्षांच्या आत. रात्रपाळ्या चालल्या, परवानग्या अडल्या नाहीत. आणि सप्टेंबर 2023मध्ये अल हौजच्या डोंगरात भूकंप झाला, 2,900च्या वर माणसं गेली, त्या गावांतल्या कित्येक कुटुंबांनी त्यानंतरचे दोन हिवाळे तंबूत काढले. खऱ्या तंबूत, ज्यात बर्फाचं पाणी झिरपतं. आपलं सरकार मनावर घेतलं तर किती झपाट्याने काम करतं, हे स्टेडियमने त्यांना डोळ्यांदेखत दाखवून दिलं. म्हणून त्यांचा राग पैशापेक्षा घाईवर आहे. तुम्हाला घाई करता येते, मग आमच्या आईसाठी का केली नाहीत?

या घाईचं कारण गूढ नाही. विश्वचषकाचा यजमान करार करतो. त्यात तारखा असतात, तपासणीची पथकं येतात, गवतापासून दिव्यांच्या प्रकाशापर्यंत सगळं मोजलं जातं, आणि चुकलं तर जगासमोर नाक कापलं जातं. दवाखान्यात रात्री किती नर्स आहेत हे मोजायला फिफाच्या झ्युरिकच्या ऑफिसातून कोणी येत नाही. हे ब्राझीलच्या लोकांनी आधीच ओळखलं होतं. जून 2013मध्ये साव पावलोत बसचं तिकीट 20 सेंटाव्होंनी वाढलं म्हणून लोक बाहेर पडले आणि बघता बघता देशभर एक घोषणा गेली : ‘आम्हाला फिफाच्या दर्जाचे दवाखाने आणि शाळा हव्यात’. तेव्हा अनेकांना तो टोमणा वाटला. मला ती सरळ, नेमकी मागणी वाटते. तसाच करार आमच्याशी करा, तशाच तारखा लिहून द्या आणि तसंच पथक पाठवा. पुढच्या वर्षी ब्राझीलमध्ये विश्वचषक झाला, स्टेडियमं वेळेत किंवा थोड्या उशिराने झाली, मानाऊसच्या जंगलातल्या 40,000 खुर्च्यांच्या स्टेडियमवर चार सामने झाले, आणि त्या मागणीला कोणी उत्तर दिलंच नाही.

तारखेशिवाय बांधलेल्या गोष्टीचं काय होतं ते मी घराजवळ बघितलंय. आमच्या तालुक्याला क्रीडा संकुल मिळालं तेव्हा मी शाळेत होतो. फीत कापायची तारीख महिनाभर आधी फळ्यांवर लागली होती. मंडप, बँड, आमच्या शाळेचं लेझीम. पंधरा दिवसांनी आम्ही पाच-सहा जण फुटबॉल घेऊन गेलो तर फाटकाला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे होती तो शिपाई तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि सोमवार-गुरुवारी यायचा. आम्ही भिंतीवरून उड्या मारून खेळलो, पुढे भिंतीवर काचा लावल्या गेल्या. गेल्या दिवाळीत जाऊन पाहिलं, धावपट्टीवर गुडघाभर गवत होतं आणि लांब उडीच्या खड्ड्यात कुणाच्या तरी शेळ्या बसल्या होत्या. पैसे खाल्ले गेले असं मी म्हणत नाही. बांधकाम चांगलं आहे, प्रेक्षकांच्या पायऱ्या अजून सरळ उभ्या आहेत. तिथे रोज संध्याकाळी पाच वाजता कोण येणार आणि कुलूप कोण उघडणार, एवढं मात्र कोणीच कधी कागदावर लिहिलं नव्हतं.

कासाब्लांकात हे 1,15,000च्या मापाने होऊ शकतं. जगभरचे दाखले एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि ती दिशा ‘स्टेडियम नको’ ही नाही. मॉन्ट्रियलने 1976च्या ऑलिम्पिकसाठी भव्य स्टेडियम काढलं. खेळ होऊन गेले तरी मनोरा अपुरा होता, तो 1987ला पुरा झाला, आणि कर्ज फिटलं 2006मध्ये. तोवर क्यूबेकचे लोक तंबाखूवरच्या खास करातून हप्ते भरत होते. केप टाउनची गोष्ट मला याहून जास्त लागते. 2010च्या विश्वचषकासाठी तिथे आधी विचार होता केप फ्लॅट्समधलं अथलोनचं स्टेडियम वाढवण्याचा. वर्णभेदाच्या काळात शहरातून हाकललेली माणसं जिथे राहतात, तो हा भाग. शेवटी निवडलं गेलं समुद्र आणि टेबल माउंटन एकाच चौकटीत दिसतील असं ग्रीन पॉइंट. सुमारे 440 कोटी रँड लागले. जी कंपनी ते चालवायला घेणार होती ती विश्वचषकानंतर काही महिन्यांतच मागे फिरली. रग्बीचा संघ तिथे कायमचा राहायला आला तो 2021मध्ये. मधली दहा वर्षं महापालिका पाळणाघर चालवावं तसं ते स्टेडियम सांभाळत राहिली. आणि अथलोनच्या पोरांच्या वाट्याला विश्वचषकाचा एकही सामना आला नाही.

याच्या उलट मँचेस्टर बघा. 2002च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं स्टेडियम बांधायला घेण्याआधीच ठरलं होतं की खेळ संपले की ते मँचेस्टर सिटी क्लबचं घर होणार. धावपट्टी उखडली, मैदान खाली घेतलं, खुर्च्या वाढवल्या, आणि 2003मध्ये क्लब राहायला आला. भाडेकरू आधी ठरला आणि मग पाया खणला गेला. किंवा ज्या स्पर्धेची शंभरी 2030मध्ये साजरी होणार, तिच्याच पहिल्या स्टेडियमकडे जा. मोंतेविदेओचं सेंतेनारियो 1930मध्ये आठेक महिन्यांत उभं केलं, तरी विश्वचषक सुरू होऊन पाच दिवसांनी, 18 जुलैला ते उघडलं. म्हणजे तारीख चुकली. पण जागा शहराच्या मधोमध होती, उद्यानात होती, आणि पेन्यारोल आणि नासियोनाल हे दोन क्लब तिथे दशकानुदशकं भिडत राहिले. म्हणून शंभर वर्षांनी ते अजून जिवंत आहे. 2030चा पहिला मानाचा सामना तिथेच आहे.

आणि सगळ्यात जवळचा साक्षीदार तर मोरोक्कोचा भागीदारच. पोर्तुगालने 2004च्या युरो स्पर्धेसाठी दहा स्टेडियमं सजवली. त्यातली लेरिया, अवेरो आणि फारोजवळची पुढे कशाने भरायची ते कोणाला कळेना. आता 2030साठी तोच पोर्तुगाल फक्त तीन स्टेडियमं देतोय, लिस्बनमधली दोन आणि पोर्तोतलं एक, तिन्ही मोठ्या क्लबांची राहती घरं. आपल्याकडे मडगावनेही हेच केलं. 2017च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकासाठी नवं काही न बांधता 1989चंच फातोर्ड्याचं स्टेडियम नीट केलं, आणि एफसी गोवा आजही तिथेच खेळतो.

मग 1,15,000 कशासाठी? फिफाला उद्घाटनाच्या आणि अंतिम सामन्यासाठी 80,000 खुर्च्या लागतात. त्यावरच्या 35,000 खुर्च्या आहेत त्या माद्रिद आणि बार्सिलोनाला मागे टाकून अंतिम सामना खेचून आणण्यासाठी. ही इच्छा मला समजते. पाच वेळा नकार पचवलेल्या देशाला शेवटची रात्र आपल्या अंगणात हवी, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण एका रात्रीसाठी वाढवलेल्या 35,000 खुर्च्या पुढची पन्नास वर्षं झाडून-पुसून ठेवाव्या लागतात. त्या कोण पुसणार?

‘राजा आणि विदाद आहेत की,’ असं उत्तर मिळतं. कासाब्लांकाचे हे दोन क्लब म्हणजे त्या शहराचे दोन धर्मच आहेत, हिरवा आणि लाल. त्यांचं घर म्हणजे शहराच्या मारीफ भागातलं मोहम्मद पाचवे स्टेडियम, 1955चं, 45,000च्या आसपासचं. 2024च्या शेवटी मी गेलो तेव्हा ते डागडुजीसाठी बंद होतं आणि दोन्ही क्लब इकडे-तिकडे खेळत होते. तिथल्या आमच्या सहकाऱ्याने मला स्टेडियमपासून दोन गल्ल्यांवरच्या एका कॅफेत नेलं. खुर्च्या सगळ्या रस्त्याकडे तोंड करून. काचेच्या छोट्या ग्लासात नुस-नुस, म्हणजे निम्मी कॉफी निम्मं दूध. मालक साठीचा, राजावाला, गल्ल्यामागे हिरवा मफलर खिळ्याला टांगलेला. तो सांगत होता, सामन्याच्या दिवशी दुपारी दोनपासून इथे उभं राहायला जागा नसते; पोरं चालत येतात, चालत जातात; तिकिटाचे पैसे नसलेलीही भिंतीबाहेर उभी राहून गोल झाला की आवाजावरून ओळखतात. ‘सामने बाहेर गेल्यापासून मी एकदाच गेलो,’ तो म्हणाला, ‘आता टीव्हीवर बघतो.’ आणि टीव्हीखालच्या टेबलावर तेव्हा चारच माणसं होती.

मुंबईत वाढलेल्या कुणालाही हे कळेल. तिकिटांच्या वाटपावरून भांडण झालं आणि 1974-75मध्ये ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. नव्यात सामने गेले आणि जुन्यात 1973नंतर 36 वर्षं एकही कसोटी झाली नाही, थेट 2009पर्यंत. एकाच शहरात दोन स्टेडियमं आली की एक ओस पडतं. फरक एवढाच की वानखेडे चर्चगेटला होतं, लोक लोकलमधून उतरून चालत गेले, म्हणून निदान एक तरी गजबजलेलं राहिलं. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम घ्या. 2017मध्ये 17 वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाचा उपांत्य सामना तिथे झाला, 2025मध्ये आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक तिथे उचलला, आणि दोन्ही वेळा माणसं हार्बर लाइनच्या गाडीने आली. तिथे जर नुसती मोकळी जमीन आणि चार पदरी रस्ता असता तर?

यावर स्टेडियमवाल्यांचं सगळ्यात तगडं उत्तर हे की रेल्वे येतेच आहे. केनित्राहून माराकेशला जाणाऱ्या वेगवान गाडीचं काम एप्रिल 2025मध्ये सुरू झालंय, स्टेडियमही रेल्वेने जोडायचं आहे, आणि शहर त्याच बाजूला वाढणार आहे. खरं आहे. विश्वचषक नसता तर हा मार्ग कदाचित आणखी दहा वर्षं रखडला असता, हेही मी मान्य करतो. तारखेची ताकद ती हीच, आणि मी तिच्या विरोधात नाही. पण वेगवान गाडी शहरं जोडते, मारीफच्या पोराला मंगळवारच्या रात्री घरी सोडत नाही. त्यासाठी दर वीस मिनिटांनी थांबत जाणारी, स्वस्त, शेवटचा गोल होऊन तासाभरानंतरही धावणारी साधी गाडी लागते. तिचं वेळापत्रक आणि तिकिटाचा दर आज जाहीर व्हायला हवा, छप्पर चढायच्या आधी. राजा आणि विदाद तिथे किती सामने खेळणार, भाडं किती, तोटा झाला तर तो कुणाच्या खात्यात, मारीफच्या जुन्या स्टेडियमचं काय करणार, वरच्या खुर्च्या नंतर काढता येतील अशा बसवणार की कायमच्या ओतणार, हे सगळं लिहून चौकात लावायला 2027पर्यंत थांबायचं कारण नाही. आणि त्याच चौकात, त्याच फळ्यावर, अगादीरच्या वॉर्डाचंही लिहा. किती भूलतज्ज्ञ, किती सुईणी, कोणत्या तारखेपासून, आणि तपासायला येणाऱ्या पथकात बाहेरचे कोण.

अहमदाबादला पाच वर्षांत हेच फळे लागणार आहेत, आणि आपल्याकडचं भांडण पुन्हा ‘शान की भूक’ यावरच रंगणार, अशी मला भीती वाटते. म्हणून हा विषय मी ऑफिसात सोडत नाही.

त्या संध्याकाळी कॅफेतून निघताना मी मालकाला विचारलं होतं, नव्या स्टेडियमला जाणार का. सहकाऱ्याने त्याला दारिजात, म्हणजे तिथल्या बोलीतल्या अरबीत, समजावलं. त्याने माझा रिकामा ग्लास उचलला, टेबल पुसलं, आणि नाही म्हणाला नाही. त्याने उलट विचारलं, ‘सामना अकराला संपतो. मग मी घरी कसा येऊ?’